लय सत्त्याण्णव

खोलीत बोलायचं नाही, हा पहिला नियम. खोकला चालतो. मान हलवलेली चालते. 'हं' चालत नाही. 'हं' म्हटलं की छतातलं यंत्र ते टिपतं आणि त्या सत्राचा मोबदला निम्मा होतो.

त्रिशला मगदूमला 'हं'ची सवय मोडताना फार त्रास झाला. मानसशास्त्रात एम.ए. आणि मग मनोरुग्णालयात राहून केलेलं दोन वर्षांचं एम.फिल., एवढ्या शिक्षणात ती मुख्यतः एकच गोष्ट शिकली होती: 'हं' कुठे म्हणायचं आणि कुठे नाही. त्या एका हुंकारावर समोरचा माणूस पुढचं वाक्य बोलणार की गिळून टाकणार, हे ठरतं. आता ती मिरजेतल्या केंद्रात दिवसभर एका मऊ खुर्चीत बसायची. समोर रुग्ण. मधल्या टेबलावर नारळाएवढं एक गोल यंत्र, त्याचं नाव 'सुहृद'. बोलायचं ते सुहृदनं. त्रिशलानं नुसतं असायचं.

हुद्द्याचं नाव 'सहोपस्थित तज्ज्ञ'. केंद्रातली मंडळी स्वतःला तक्के म्हणायची.

"पूर्वी लोक विचारायचे, नुसतं बोलायचे कसले एवढे पैसे घेता?" कुमुद बेडेकर मॅडम म्हणायच्या. "आता नुसतं गप्प बसायचे मिळतात. प्रगती आहे."

मॅडम सत्तावन्न वर्षांच्या. एम.फिल.ला त्रिशलाला त्यांनीच शिकवलं होतं. आता दोघी शेजारशेजारच्या खोल्यांत तक्के होत्या.

हे असं का झालं, ते सांगायला हवं.

सुहृद आला तेव्हा वर्षभरात मानसतज्ज्ञांच्या नोकऱ्या गेल्या. यंत्र थकत नव्हतं, चिडत नव्हतं, कुठल्याही बोलीत बोलत होतं, आणि विमा कंपन्या फक्त त्याचेच पैसे देत होत्या. पण थोड्याच दिवसांत रुग्ण यायचे बंद होऊ लागले. तक्रार कुणाचीच नव्हती. सल्ला बरोबर होता, आवाज मायाळू होता. लोक उठून जात होते, एवढंच.

कारण सापडलं ते श्वासात. आपल्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे समान अंतरानं पडत नाहीत. श्वास आत घेताना ते जरा घाई करतात, सोडताना रेंगाळतात. दोन माणसं एका खोलीत बसून मनापासून बोलू लागली, की त्यांचे श्वास आणि त्यामागोमाग ठोक्यांची ही घाई आणि रेंगाळणं एकमेकांशी जुळू लागतं. कुणी ठरवून करत नाही. शरीरं परस्पर ठरवतात. घाबरलेल्या माणसाला धीर येतो तो पुष्कळसा याच वाटेनं. यंत्राला छातीच नाही, त्यामुळे जुळायला समोर काही नव्हतं. मग एका प्रयोगशाळेनं खोलीत एक माणूस नुसता बसवून पाहिला. रुग्ण टिकू लागले. प्रशिक्षित मानसतज्ज्ञ बसवला, तर दुपटीनं टिकले.

झालं. नोकऱ्या परत आल्या. 'मानसतज्ज्ञांना सुगीचे दिवस' अशा बातम्या झळकल्या. छतात बसवलेलं बारीकसं रडार अंगाला हात न लावता दोघांच्या छातीची हालचाल मोजतं आणि दोघांच्या रेघा किती जुळल्या याचा शून्य ते शंभर असा आकडा काढतं. त्या आकड्याला म्हणायचं लय. पगार लयीवर. मूळ वेतन एवढंच, की त्यात जयसिंगपूर ते मिरज जाणंयेणं आणि दुपारचा डबा निघावा. सरासरी साठच्या खाली राहिली, तर तिमाही संपताना करार संपला. नव्या भरतीच्या जाहिरातीत पदवीच्या आधी हृदयाच्या लवचीकतेची अट असायची. प्रबंध कशावर केला हे कुणी विचारत नव्हतं. उपाशीपोटी काढलेला हृदयाचा आलेख मागत होते.

त्रिशलाचा धाकटा भाऊ भरतेश जयसिंगपुरात ठिबकचं दुकान चालवायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, "अक्का, त्या सांगलीच्या पाहुण्यांचा फोन आलता. मुलगी काय करती, म्हणले."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, बसती."

"भरत्या!"

"अगं, ते खूश झाले. म्हणले, बरंय की, घरात पण बसंल."

आई हसली. त्रिशलाही हसली, आणि मग तिला स्वतःच्या हसण्याचा राग आला.

केंद्रात दुपारच्या चहाला दोघी एकत्र बसायच्या. त्या दिवशी मॅडम पर्समध्ये चष्मा शोधत होत्या, तेव्हा गोळ्यांची पट्टी बाहेर घसरली.

"मॅडम, ही पट्टी तुम्ही गेल्या आठवड्यात माझ्यासमोर घेतलीत ना? यातल्या दोनच गोळ्या फुटल्यात."

"फार बघतेस हं तू."

"तुम्हीच शिकवलंत."

मॅडमनी पट्टी परत आत टाकली. मग जरा वेळानं, चहात बिस्कीट बुडवत, वर्गात समजवायच्या तशा सुरात म्हणाल्या, "ही गोळी हृदयाला वेसण घालते. समोरचा माणूस कितीही घाबरू दे, माझं हृदय आपलं बैलगाडीच्या चालीनं चालतं. त्याची रेघ डोंगर चढते, माझी सपाट. लय पंचेचाळीस. गोळी नाही घेतली, की ऐंशी."

"डॉक्टरांना म्हणावं, दुसरी द्या."

"म्हटलं. माझे ठोके मुळातच मध्येमध्ये चुकतात. हीच हवी म्हणाले."

"आणि अशी एकदम सोडली, की हृदय उलट जास्त उसळतं. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"औषधांचा पेपर मी तपासायचे, त्रिशला. तुला त्यात किती पडले होते, अजून लक्षात आहे माझ्या."

त्रिशला हसली नाही. "नोकरी सोडा, मॅडम."

"सोडते. पेशंट कुठे भेटतील ते सांग." मॅडमचा आवाज चढला नाही, पण बिस्कीट तुटून चहात पडलं. "घरी दवाखाना काढला, तर येणाऱ्याला विमा मिळत नाही. सरकारी दवाखान्यात सुहृद. कॉलेजात सुहृद. दुःख घेऊन माणूस जिथे येऊन बसतो, अशा सगळ्या खोल्या आता यांच्याकडे आहेत. मी तीस वर्षं माणसांसमोर बसले. आता भिंतीसमोर बसू?"

"पण जीव..."

"अगं, आठवड्यातून दोन दिवस घेते की गोळी. रविवारी आणि बुधवारी. बुधवारी माझी सुट्टी असते."

आठ-दहा वर्षं शिकलेली, शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलेली बाई सुट्टीच्या वारावरून स्वतःच्या हृदयाचं औषध ठरवत होती. त्रिशलाला राग आला. तो मॅडमवर नव्हता.

केंद्रप्रमुख सरदेसाई पस्तिशीचा, हसतमुख माणूस होता. त्रिशला त्याच्याकडे गेली ती स्वतःच्या सत्रांचे आलेख घेऊन. मॅडमचं नाव घ्यायचं नाही, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं. नाव घेतलं असतं तर मॅडमचा करार त्याच दिवशी संपला असता.

"सर, ही रुग्णाची रेघ. ही माझी. आता माझी रेघ चार सेकंद पुढे सरकवते."

पडद्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर अचूक बसल्या.

"वा!" सरदेसाई म्हणाला. "याचा अर्थ काय?"

"मूल किंचाळत असतं तेव्हा आई आधी जोरानं झोका देते. मग झोका हळू करत नेते, आणि मूल मागून हळू होतं. चांगला मानसतज्ज्ञ हेच करतो. आधी रुग्णाबरोबर थोडा चढतो, मग आपला श्वास लांबवतो. रुग्ण मागून येतो. काही सेकंदांनी, पण येतो. तुमचं यंत्र त्याच क्षणी रेघा जुळल्या का, एवढंच बघतं. मागून येणारा रुग्ण त्याच्या लेखी जुळलेलाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रुग्णाला जो बाहेर काढतो, त्याचा पगार तुम्ही कापता. जो त्याच्याबरोबर बुडतो, त्याला बक्षीस देता."

सरदेसाईनं आलेखाकडे पुन्हा एकदा, खरोखरच कौतुकानं पाहिलं. "छान निरीक्षण आहे, मॅडम. यावर पेपर लिहा."

"पेपर नको. नियम बदला."

"हा आकडा विमा कंपन्यांनी मान्य केलाय. तो हलवायचा, तर राज्यभरातले करार नव्यानं करावे लागतील."

"लय वाढावी म्हणून लोक औषधं सोडतायत, सर."

"कोण?"

त्रिशलानं नजर पडद्यावरच्या रेघांकडे वळवली.

"नाव नसेल तर ती तक्रार होत नाही," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला.

"छतातल्या रडारला प्रत्येकाचे ठोके दिसतात. कुणाचे भलतेच वाढले, तर ते इशारा का देत नाही?"

"इशारा दिला की ते वैद्यकीय उपकरण ठरतं. मग चाचण्या वेगळ्या, परवानगी वेगळी. आपली नोंदणी संवाद-सुविधा म्हणून आहे." तो खुर्चीत मागे रेलला. "त्याला ठोके दिसतात, मॅडम. फक्त ते त्याला माहीत असून चालत नाही."

हे वाक्य तो इतक्या सहज बोलला, की याच्याही छातीवर एकदा रडार धरावं असं त्रिशलाला वाटलं. रेघ हललीसुद्धा नसती.

मॅडमकडे मालगावची एक बाई यायची. रत्नाक्का. मिरची कांडपाची गिरणी चालवणारी, मनगटापर्यंत तिखटाचा वास मुरलेली. वर्षापूर्वी तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. तिला वाटलं पित्त आहे, म्हणून तिनं सोडा पाजला. तो सोडा पितापिताच गेला. तेव्हापासून तिची छाती अचानक धडधडायची, हातपाय गार पडायचे. तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या.

सुहृद तिला श्वास मोजायला शिकवायचा. बाहेर आली की ती त्रिशलाला म्हणायची, "डबडं लै शानं हाय, बाई. पर त्याच्या घरात कुणी मेल्यालं न्हाई. त्या बेडेकर मॅडम बोलत न्हाईत, पर त्येंच्याकडं बघितलं की जरा हुशारी वाटती."

केंद्राच्या मधल्या पॅसेजमध्ये एक फलक होता. प्रत्येक खोलीची लय त्यावर चालू असायची. पंचाण्णवच्या वर गेली की घंटा वाजायची आणि सगळ्यांना पेढे मिळायचे. पेढे आजवर फार थोड्या वेळा वाटले गेले होते.

त्या मंगळवारी त्रिशलाचं एक सत्र रद्द झालं होतं. ती पॅसेजमध्ये उभी असताना चार नंबरच्या खोलीचा आकडा चढू लागला. ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नोंदणीच्या टेबलावरची पोरं माना वर करून बघू लागली. चार नंबर म्हणजे बेडेकर मॅडम. ब्याण्णव. मग घंटा वाजली, आणि फलकावर आकडा थांबला: सत्त्याण्णव.

टाळ्या पडल्या. सरदेसाई मोबाइल घेऊन फलकाचा फोटो काढायला बाहेर आला. "बघा, अनुभव म्हणतात तो हा!"

त्रिशलाला टाळी वाजवता आली नाही. रत्नाक्काला धडधडीचा झटका आला, तर तिचे ठोके दीडशेच्या घरात जायचे. तिच्याशी सत्त्याण्णव जुळायचं, म्हणजे मॅडमचे ठोके किती? एखाद्याला सोबत म्हणून कुणाचं हृदय इतकं धावत नाही. सोमवारची गोळी नाही. आजचीही नाही.

चालू सत्रात दार उघडायचं नाही, हा दुसरा नियम. तिनं दार उघडलं.

आत सुहृद बोलत होता. "खूप छान. तुम्हा दोघांची लय सुंदर जुळली आहे. अशाच राहा."

मॅडम खुर्चीत एका बाजूला कलल्या होत्या. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, हात जबड्याखाली धरलेला. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून रत्नाक्कानं त्यांना दोन्ही हातांनी सावरून धरलं होतं.

"श्वास सोडताना चारपर्यंत..." सुहृद म्हणाला.

"गप बस की रं डबड्या!" रत्नाक्का ओरडली. मग तिला दारात त्रिशला दिसली. "बघतीस काय, पोरी? जबड्यात कळ मारतीया बाईच्या! आमच्या मालकांचं असंच झालं हुतं! स्ट्रेचर आण जा!"

मिरजेत मोठा दवाखाना नेहमी रस्त्यापलीकडेच असतो. त्यानंच मॅडम वाचल्या. हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मात्र कायमचा गेला.

चौथ्या दिवशी त्या बसून पेज पीत होत्या, तेव्हा केंद्र चालवणाऱ्या कंपनीकडून पुष्पगुच्छ आला. सोबत एक चौकट: 'या महिन्यातील सर्वोच्च लय – ९७'.

मॅडमनी ती चष्मा लावून वाचली. "आयुष्यात एवढे मार्क मला कधी पडले नव्हते गं."

त्रिशलाला हसू आलं नाही. कंपनीचा निर्णय तिला त्याच सकाळी कळला होता. प्रकृतीच्या कारणास्तव मॅडमचा करार संपला होता. ती घटना कामाशी संबंधित नव्हती, कारण संवाद-सुविधेला प्रकृतीविषयी काही माहीत असू शकत नाही. आणि सत्र सुरू असताना त्रिशलानं दार उघडलं. त्यामुळे सत्र दूषित झालं होतं. मोबदला निम्मा.

"निम्मा!" त्रिशला म्हणाली. वॉर्डातल्या नर्सनं वळून पाहिलं. "तुम्ही तिथे मरत होता, मॅडम, आणि ते टाळ्या वाजवत होते!"

"हळू. माझे ठोके मोजतायत इथे." मॅडमनी तिचा हात धरला. "रत्नाक्का रोज येते. चटणी आणते, मला खायला बंदी आहे, तरी आणते. मग बसते. मी बोलते तिच्याशी. माझी कळ तिनं ओळखली ना, तेव्हापासून तिची धडधड कमी झालीय. नवऱ्याचं देणं फिटलं, असं तिला वाटतं. मी अजून ते खोडून काढलेलं नाही." त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. "विम्यात बसत नाही हे, पण बरं वाटतंय तिला. तुझं काय ते बोल. काहीतरी लपवतेयस."

त्रिशलानं सांगितलं. सरदेसाईनं तिला बढती देऊ केली होती. पुण्यात नवं प्रशिक्षण केंद्र निघत होतं. नुकतंच एम.फिल. झालेल्या मुलांना लय शिकवायची. पगार तिप्पट, तोही ठरलेला, कुठल्याही आकड्यावर न टांगलेला. ते आलेख बघूनच त्याला ती या कामाला योग्य वाटली होती. ती नाही म्हणायला निघाली होती.

"हो म्हण," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम?"

"तोंड उघडायचा पगार देतायत तुला. आपल्या धंद्यात असं पुन्हा होईल असं वाटत नाही. जा आणि उघड."

पुण्यातल्या हॉलच्या भिंतीवर मोठा फलक होता. सगळ्यांची मिळून एकच लय दाखवणारा. पहिल्या दिवशी पंधरा-वीस जण आले होते, सगळे पंचविशीतले, नवे कपडे घातलेले. उद्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. फलकावर एकवीस, बावीस असं काहीतरी हलत होतं. अनोळखी माणसांची एवढीच असते.

त्रिशला समोर उभी राहिली. "एक विचारते. इथे येण्याआधी कुणी एखादी गोळी घ्यायची टाळली आहे का? नाव लिहून घेणार नाही."

कुणी हललं नाही. त्रिशला थांबली. गप्प कसं बसायचं, हे तिला कंपनीनं चांगलंच शिकवलं होतं.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "घाबरायला होतं त्यासाठीची. ठोके दाबते ती. क्लासवाले म्हणाले, सोड."

"क्लास?"

"लयीचे क्लास निघालेत, मॅडम. नांदेडला दोन आहेत."

मग एक मुलगा. थायरॉइडची गोळी तो दुप्पट घेत होता, ठोके वाढावेत म्हणून. मग आणखी एक हात. मग खिडकीकडचे तिघं. हात वर होत गेले आणि प्रत्येक जण शेजारच्याच्या हाताकडे बघत राहिला. आपण एकटेच लबाडी करतोय, असं प्रत्येकाला आजवर वाटत होतं.

त्रिशलानं कोपऱ्यातला पाण्याचा जार टेबलावर ओढला आणि पेले मांडले. "ज्यांच्याकडे गोळी आहे त्यांनी आधी ती घ्या. नेहमीची, नेहमीएवढीच. बाकीच्यांनी आज आपल्या डॉक्टरांना फोन करायचा. मग मी तुम्हाला एका सत्त्याण्णवची गोष्ट सांगते."

तिनं सांगितली. राखेसारखा चेहरा, टाळ्या, पेढे, निम्मा मोबदला, सगळं. मग आलेख लावले आणि रेघ चार सेकंद सरकवून दाखवली. "हे चार सेकंद म्हणजे आपलं शिक्षण. ते यांना दिसत नाही, म्हणून ते त्याचा दंड करतात."

"पण मॅडम, दुसरीकडे नोकरी कुठे आहे?" थायरॉइडवाला मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. घरी कुणीतरी वाट बघत असल्याची काळजी होती.

"कुठेच नाही," त्रिशला म्हणाली. "पण यांच्याकडे तरी दुसरं कोण आहे? मानसतज्ज्ञाचा परवाना तुमच्याकडे आहे. छाती तुमची आहे. आपण नव्हतो तेव्हा यांच्या खोल्या ओस पडल्या होत्या. उद्या इथे एकही सही झाली नाही, तर पुन्हा पडतील. गोळी घ्यायची मुभा, बोलायची मुभा, आणि लयीवर पगार नाही. हे लिहून मिळेपर्यंत सही नाही. आता तुम्ही बोला. मोठ्यानं बोला."

आधी नांदेडची मुलगी बोलली. क्लासची फी भरायला आईनं काय मोडलं, ते. मग दुसरा, तिचं पुरं व्हायच्या आधीच. मग कोण काय बोलतंय ते वेगळं काढणं कठीण झालं. खुर्च्या सरकल्या, कुणी उभं राहिलं, कुणी टेबलावर हात आपटला. आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकायला शिकलेली ती पोरं पहिल्यांदाच एका दमात स्वतःचं सांगत होती.

छतातलं रडार आपलं काम करत होतं. एकाच गोष्टीनं पेटलेल्या माणसांची हृदयं कशी धावतात, हे त्याला दिसत होतं. ती का धावतात, हे त्याला माहीत असायची परवानगी नव्हती.

फलकावरचा आकडा चढत गेला, पंचाण्णवच्या पुढे गेला, आणि घंटा वाजू लागली. दारातून एक माणूस पेढ्यांचा खोका घेऊन हसत आत आला आणि तिथेच थांबला.

कुणीही मान वर करून फलकाकडे पाहिलं नाही.